बाहा कॅलिफोर्नियाची देवमासे-दर्शन सागरसफर: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या अनेक घरांतली मुले नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात स्थिरावली आहेत आणि त्यांचे आई-वडील हिवाळ्यात काही महिने तिकडे राहायला जातात. त्या मुक्कामात सॅन दिएगोहून दक्षिणेकडे निघणारी देवमाशांची सफर करावी का, अशी विचारणा दिवाळीनंतर आमच्याकडे सुरू होते. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला येणारी मंडळीही आता हेच विचारू लागली आहेत. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्यामुळे त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एका उत्तरातली माहिती दुसऱ्या ठिकाणी लागली, तर तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही सफर नेमकी कुठे असते आणि किती दिवसांची असते?

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिणेला मेक्सिकोचे बाहा कॅलिफोर्निया हे सुमारे बाराशे किलोमीटर लांबीचे चिंचोळे द्वीपकल्प आहे. त्याच्या पश्चिमेला प्रशांत महासागर आणि पूर्वेला कॅलिफोर्नियाचे आखात आहे. सफरी साधारण आठ ते बारा दिवसांच्या असतात. बोट सॅन दिएगोहून निघते, एन्सेनादा बंदरात मेक्सिकोचे प्रवेशाचे सोपस्कार उरकते, सान बेनितो बेटांवरून सान इग्नासिओच्या खाजणात (समुद्राला जोडलेल्या उथळ, खाऱ्या जलाशयात) जाते, तेथे दोन-तीन दिवस थांबते, आणि मग द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा घालून आखातात शिरते. काही सफरी खाजणातूनच सॅन दिएगोला परत फिरतात, तर काही काबो सान लुकास किंवा ला पास येथे संपतात आणि तेथून विमानाने परतावे लागते.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘क्रूझ’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणारे दहा मजली जहाज, नाचगाणी आणि पोहण्याचा तलाव यांतले येथे काहीही नसते. ही दोन-तीन डझन प्रवाशांची बोट असते आणि दिवसभराचा कार्यक्रम म्हणजे पाण्याकडे पाहत राहणे. ज्यांना हे कंटाळवाणे वाटेल, त्यांनी पैसे वाचवावेत, असे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

२. कोणत्या महिन्यात जावे?

फेब्रुवारीचा मध्य ते मार्चअखेर. राखाडी देवमासे दूर उत्तरेकडच्या बेरिंग आणि चुकची समुद्रांतून निघून डिसेंबरपासून या खाजणांत येऊ लागतात. जानेवारीत नर आणि एकट्या माद्यांची वर्दळ अधिक असते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धानंतर बहुतेक नर उत्तरेला निघून जातात आणि खाजणात प्रामुख्याने माता व पिल्ले उरतात. पिल्ले तोवर थोडी मोठी आणि धीट झालेली असतात. निळे देवमासे आखातात लोरेतोच्या परिसरात दिसण्याचा काळही साधारण हाच आहे. एप्रिल उजाडेपर्यंत खाजण रिकामे होत जाते. पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत ही सफर होत नाही, त्यामुळे मुलांच्या शाळेचे वेळापत्रक जुळणार नाही, हे गृहीत धरावे.

३. देवमासे नक्की दिसतात का? आणि कोणते?

हंगामात सान इग्नासिओला राखाडी देवमासा न दिसता परतणे हे जवळजवळ अशक्य आहे. पूर्ण वाढलेला राखाडी देवमासा चौदा-पंधरा मीटर लांब असतो आणि जन्मणारे पिल्लूच सुमारे साडेचार मीटरचे असते. त्याच्या पाठीवर कल्ला नसतो, त्याऐवजी शेपटीकडे उतरत जाणाऱ्या उंचवट्यांची रांग दिसते. समोरून किंवा मागून पाहिल्यास उच्छ्वासाचा फवारा पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा भासतो. अंगावरचे पांढरे ठिपके बऱ्याच अंशी बार्नेकल नावाच्या चिकटून राहणाऱ्या जीवांचे आणि त्यांच्या जुन्या व्रणांचे असतात.

बाकीच्या जातींबाबत मात्र हमी कोणीच देऊ शकत नाही. द्वीपकल्पाच्या टोकाशी हंपबॅक देवमासे उसळ्या मारताना दिसतात आणि बोटीवर हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) असल्यास नरांचे गाणे ऐकायला मिळते. आखातात फिन, ब्राइड्स आणि निळा देवमासा यांची शक्यता असते. शेकडो डॉल्फिनांचा कळप बोटीसोबत धावणे हा नशिबाचा भाग आहे, पण दुर्मीळ नाही. सान बेनितो बेटांवर एलिफंट सील वाळूत आडवे पडलेले असतात, ला पासजवळच्या लोस इस्लोतेस या खडकाळ बेटांवर समुद्रसिंह गोंगाट करत असतात, आणि पक्षिप्रेमींसाठी पेलिकन, फ्रिगेटबर्ड व निळ्या पायांचे बूबी यांची चंगळ असते.

आणखी एक वस्तुस्थिती सांगायला हवी, कारण जाहिरातींत ती सापडत नाही. पूर्व प्रशांत महासागरातल्या राखाडी देवमाशांची संख्या २०१६ च्या सुमारास सुमारे २७ हजार होती. २०१९ ते २०२३ या काळात मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाले आणि २०२५ च्या हिवाळी गणनेत ही संख्या सुमारे १३ हजारांवर आली. आर्क्टिक भागातल्या समुद्रतळावरच्या त्यांच्या खाद्यात झालेले बदल आणि त्यातून आलेले कुपोषण हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. पिल्लांची संख्याही घटली आहे. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकांनी सांगितलेली माता-पिल्लांची गर्दी आज तशीच दिसेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

४. एवढ्या दूर कशाला? आपल्या कोकणात किंवा श्रीलंकेत देवमासे नाहीत का?

आहेत. मालवण, दापोली, मुरुड या भागांत किनाऱ्यालगत हंपबॅक डॉल्फिन नियमितपणे दिसतात. निळ्या देवमाशांची नोंद २०१५ मध्ये सिंधुदुर्गातल्या कुणकेश्वरजवळच्या समुद्रात झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्याला एक निळा देवमासा लागला होता. मात्र कोकणात देवमासा दिसेलच या भरवशावर सहल आखता येत नाही. श्रीलंकेत ते शक्य आहे: दक्षिणेला मिरिसा येथे नोव्हेंबर ते एप्रिल आणि पूर्वेला त्रिंकोमालीजवळ साधारण मार्च ते ऑगस्ट. तेथल्या बहुतेक सहली अर्ध्या दिवसाच्या असतात आणि खर्चही पुष्कळ कमी येतो. केवळ निळा देवमासा पाहायचा असेल, तर नाशिकहून श्रीलंका हाच शहाणपणाचा पर्याय आहे. बाहाला जाण्याचे खरे कारण पुढच्या प्रश्नात आहे.

५. देवमाशाला हात लावता येतो, हे खरे आहे का?

खरे आहे, पण निर्णय देवमाशाचा असतो. सान इग्नासिओच्या खाजणात मोठी बोट नांगर टाकून थांबते आणि प्रवाशांना पांगा नावाच्या लहान होड्यांमधून नेले जाते. होडी चालवणारा स्थानिक असतो, निरीक्षणाच्या क्षेत्रात एका वेळी मोजक्याच होड्यांना परवानगी असते आणि प्रत्येक होडीला साधारण दीड तास मिळतो. देवमाशाचा पाठलाग करायचा नाही, माता आणि पिल्लू यांच्या मध्ये शिरायचे नाही, इंजिनाची गती अगदी मंद ठेवून थांबायचे, एवढेच करायचे असते. पुष्कळदा दीड तासात काहीही जवळ येत नाही. आणि कधी चाळीस फुटांची मादी होडीच्या बुडाखालून इतक्या सावकाश सरकते की पाणीही हलत नाही, मग तिचे पिल्लू होडीच्या काठाशी डोके वर काढते आणि त्याच्या श्वासाचा खारट, मासळीसारख्या वासाचा तुषार थेट तोंडावर येतो. त्वचेचा स्पर्श सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा लागतो: गुळगुळीत, ओलसर, किंचित दबणारा.

हात लावताना उघड्या तळव्यानेच लावावा. अंगठ्या आणि घड्याळ आधी काढून ठेवावे. डोळे, श्वासरंध्र आणि शेपटी यांना स्पर्श करू नये. सर्वांनी एकाच बाजूला झुकू नये, कारण होडी कलंडण्याचा धोका देवमाशामुळे कमी आणि आपल्या उत्साहामुळे अधिक असतो.

६. असे जवळ जाणे म्हणजे त्या प्राण्यांना त्रास देणे नव्हे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल आम्हांला विशेष आदर वाटतो. याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेला असलेल्या ओहो दे लिएब्रे खाजणात १८५७-५८ च्या हंगामात चार्ल्स स्कॅमन या कप्तानाने शिकारीसाठी प्रवेश केला आणि पुढच्या काही वर्षांत पिल्ले घालायला आलेल्या माद्यांची कत्तल झाली. पिल्लाच्या रक्षणासाठी होड्या फोडणाऱ्या या माद्यांना शिकारी ‘डेव्हिल फिश’ म्हणत. विसाव्या शतकात शिकारीवर बंदी आली. १९७२ मध्ये फ्रान्सिस्को ‘पाचिको’ मायोराल हा स्थानिक मच्छीमार सान इग्नासिओत मासेमारी करत असताना एक देवमासा त्याच्या होडीजवळ येऊन थांबला आणि त्याने भीत भीत त्याला हात लावला. आजच्या पर्यटनाचा आरंभ तेथून मानला जातो.

हा परिसर १९८८ मध्ये एल व्हिस्काइनो जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला आणि १९९३ मध्ये येथल्या खाजणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सान इग्नासिओ खाजणाच्या काठी मीठ उत्पादनाचा अवाढव्य प्रकल्प येणार होता. तो मोठ्या विरोधानंतर मार्च २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांनी रद्द केला. खाजण जिवंत राहण्यात स्थानिकांचा आर्थिक लाभ आहे, हे त्या लढ्यातले एक बळकट कारण होते. खाजणाचा मोठा भाग होड्यांना बंदच असतो आणि ज्या देवमाशाला माणसे नको असतात तो सहज दूर जाऊ शकतो. म्हणून आमच्या मते नियम पाळणारी सफर येथे समर्थनीय आहे. जवळ येण्याची हमी देणाऱ्या आयोजकापासून मात्र चार हात दूर राहावे.

७. मला कसारा घाटातच गाडी लागते. बोटीवर माझे कसे होणार?

खाजणात पाणी शांत असते, त्यामुळे तेथे सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो मोकळ्या महासागरातल्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. या किनाऱ्यावर वारा आणि लाटा प्रामुख्याने वायव्येकडून येतात. दक्षिणेला जाताना त्या मागून येतात आणि बोट झुलत जाते. परतताना त्याच लाटांवर समोरून आदळत यावे लागते. म्हणून गाडी लागणाऱ्यांनी काबो किंवा ला पासला संपणारी एकेरी सफरच निवडावी. थोडा जास्तीचा विमानखर्च होतो, पण तो सार्थकी लागतो.

औषध मळमळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नसतो, ते बोट सुटण्यापूर्वी घ्यावे. आपल्याकडे एस.टी.च्या प्रवासात सर्रास घेतली जाणारी अॅव्होमिनची गोळी परिणामकारक असली तरी तिने गुंगी येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना ती त्रासदायक ठरू शकते. कानामागे लावायच्या पट्टीबाबतही हीच सावधगिरी आहे. त्यामुळे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि निवडलेली गोळी एकदा घरीच घेऊन पाहावी. खोली निवडायला मिळाली तर बोटीच्या मध्यभागातली, खालच्या मजल्यावरची घ्यावी.

८. समुद्र उबदार आहे म्हणतात, मग स्वेटर कशाला?

उबदार हे आर्क्टिकच्या तुलनेत. खाजणातल्या दुपारी टी-शर्ट पुरतो, पण प्रशांत महासागराच्या बाजूला रात्री आणि पहाटे डेकवर बोचरा वारा असतो. निफाडची जानेवारीतली पहाट सोसणाऱ्यांना तापमानाचा आकडा किरकोळ वाटेल, तरी ओल्या वाऱ्यात तोच आकडा वेगळा जाणवतो. वारा अडवणारे जलरोधक जाकीट, कानटोपी, ऊन अडवणारी टोपी, सनस्क्रीन आणि न घसरणारे बूट एवढे पुरते. छत्री आणू नये. साडी नेसणाऱ्या भगिनींनी होडीत चढण्या-उतरण्यासाठी सलवार किंवा पँट घ्यावी.

९. आईचे वय बहात्तर आहे आणि गुडघे दुखतात. तिला नेता येईल का?

वयापेक्षा एकच कसोटी महत्त्वाची आहे: हलणाऱ्या बोटीवरून खाली हलणाऱ्या होडीत, दोन्ही बाजूंनी आधार मिळाल्यावर, एक मोठे पाऊल टाकता येते का. खाजणात हे दिवसातून दोन-तीनदा करावे लागते. बेटांवर उतरताना गुडघाभर पाण्यातून चालावे लागते, पण ते ऐच्छिक असते. बोटीवरचे जिने अरुंद आणि उभे असतात, वरचा बंक (झोपण्याचा बर्थ) चढणे ज्येष्ठांना शक्य नसते, म्हणून खालचा बंक लेखी मागून घ्यावा. गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असल्यास जाऊ नये. लहान मुलांबाबत किमान वयाची अट प्रत्येक बोटीची वेगळी असते.

१०. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. जेवणाचे काय?

आरक्षणाच्या वेळी लेखी कळवल्यास बोटीचा स्वयंपाकी व्यवस्था करतो. मात्र ‘व्हेजिटेरियन’ एवढेच लिहू नये, अंडे आणि मासे चालणार नाहीत हेही लिहावे. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर जेवताना घोटलेल्या राजम्यासारखे ‘फ्रिहोलेस’ निर्धास्तपणे मागवू नयेत, कारण ते परंपरेने डुकराच्या चरबीत परततात. जैन जेवण किंवा कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांची सोय होणे अवघड आहे. महाशिवरात्र आणि एकादशा या हंगामातच येतात, तेव्हा उपवासासाठी राजगिऱ्याचे लाडू आणि भाजलेले शेंगदाणे सोबत असावेत. चिवडा आणि खाकरे बंद पाकिटात न्यावेत आणि अमेरिकेच्या कस्टम्सला जाहीर करावेत. ताजी द्राक्षे मात्र घरीच ठेवावीत, ती विमानतळावर काढून घेतली जातात.

११. खोल्या, अंघोळ, शौचालय?

खोल्या लहान, बहुधा दोन बंकांच्या. गोडे पाणी मर्यादित असल्यामुळे अंघोळ अंग ओले करणे, साबण लावणे, धुणे इतकीच. शौचालयात दिलेल्या कागदाव्यतिरिक्त काहीही टाकू नये. एकाची चूक सगळ्या बोटीला भोगावी लागते.

१२. पोहता येत नसेल तर चालते का? आणि पोहता येत असेल तर देवमाशांसोबत उतरता येते का?

पहिल्याचे उत्तर होय. होडीत लाइफ जाकीट सक्तीचे असते. दुसऱ्याचे उत्तर नाही. मेक्सिकोच्या नियमांनुसार देवमाशांसोबत पोहण्यास मनाई आहे. लोस इस्लोतेस येथे समुद्रसिंहांसोबत स्नॉर्केलिंग करता येते, कारण तेथली विणीच्या हंगामातली बंदी जून ते ऑगस्ट अशी असते आणि सफरी त्याआधी होतात. पाणी थंड असल्याने वेटसूट लागतो.

१३. दुर्बीण आणि कॅमेरा कोणता न्यावा?

नांदूर मध्यमेश्वरला वापरता तो स्पॉटिंग स्कोप घरी ठेवावा, हलत्या बोटीवर त्याचा काहीही उपयोग नाही. ८×४२ ची दुर्बीण उत्तम, १०×४२ हातात स्थिर राहत नाही. खाजणात मोठी लेन्स अनेकदा निरुपयोगी ठरते, कारण प्राणी हाताच्या अंतरावर असतो. तेथे मोबाईल दोरीने मनगटाला बांधलेला असावा. महागडा कॅमेरा कोरड्या पिशवीत ठेवावा. ड्रोनला राखीव क्षेत्रात विशेष परवानगीशिवाय बंदी आहे.

१४. घरी फोन करता येईल का?

बहुतेक दिवस मोबाईलला रेंज नसते. काही बोटींवर उपग्रहाद्वारे संदेश पाठवता येतात. आयोजकाचा तातडीचा क्रमांक नाशिकच्या आणि कॅलिफोर्नियाच्या, दोन्ही घरी देऊन ठेवावा.

१५. मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागतो का?

अमेरिकेचा वैध व्हिसा पासपोर्टवर असल्यास भारतीय नागरिकांना पर्यटनासाठी मेक्सिकोचा स्वतंत्र व्हिसा लागत नाही. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असणाऱ्यांनाही ही सवलत आहे. सफर परतीची असो वा एकेरी, आपण अमेरिकेबाहेर जाऊन पुन्हा प्रवेश करणार असतो, त्यामुळे व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे आणि परतीच्या तारखेपर्यंत वैध आहे, हे तपासावे. नियम बदलत असतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वी मेक्सिकोच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करावी.

१६. मुलाकडे एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) आहे, पण पासपोर्टवरच्या व्हिसा-शिक्क्याची मुदत संपली आहे. त्याला सोबत येता येईल का?

येथे दोन देशांचे दोन वेगळे नियम आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. अमेरिकेच्या बाजूने पाहता, आय-९४ (अमेरिकेतल्या मुक्कामाची मुदत दाखवणारी प्रवेशनोंद) वैध असल्यास तीस दिवसांच्या आतल्या मेक्सिको भेटीनंतर संपलेल्या शिक्क्यावरही बहुतेकांना परत येता येते. तेथे नव्या व्हिसासाठी अर्ज केला, तर मात्र ही सवलत जाते. मेक्सिकोच्या बाजूने पाहता, शिक्का संपला म्हणजे प्रश्न १५ मधली सूट संपली, आणि मेक्सिकोचा स्वतंत्र व्हिसा काढावा लागतो. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय आरक्षण करू नये.

१७. मेक्सिकोला जाऊन आल्यावर आम्हांला अमेरिकेत पुन्हा सहा महिने मिळतात का?

तसे गृहीत धरू नये. परत येताना अधिकारी जुनीच मुदत कायम ठेवू शकतो. परतीचे भारताचे तिकीट मूळ आय-९४ वरच्या तारखेच्या आतच असावे.

१८. भारतातून काढलेला ओव्हरसीज मेडिक्लेम पुरेसा आहे का?

अनेकदा नाही. पॉलिसीत अमेरिकेसोबत मेक्सिकोचे नाव किंवा जगभराचे संरक्षण आहे का, आधीपासूनच्या मधुमेह-रक्तदाबाचा समावेश आहे का, आणि समुद्रातून किंवा दुर्गम ठिकाणाहून रुग्णाला हलवण्याचा खर्च मिळतो का, ही तीन कलमे वाचावीत. सान इग्नासिओचे खाजण वाळवंटाच्या काठी आहे आणि मोठे रुग्णालय तेथून फार दूर आहे. नेहमीची औषधे दुप्पट दिवसांची, इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत.

१९. वाऱ्यामुळे खाजणात जाताच आले नाही, तर पैसे परत मिळतात का?

सामान्यतः नाही. बंदर अधिकारी वाऱ्यामुळे होड्यांना मनाई करू शकतात आणि कप्तान मार्ग बदलू शकतो, अशी अट करारात असते. म्हणूनच खाजणात एकच दिवस थांबणारी स्वस्त सफर आम्ही सुचवत नाही. तीन दिवसांतला एक वाया गेला तरी दोन उरतात. सफर संपल्याच्या दिवशीचेच पुढचे विमान घेऊ नये.

२०. किनाऱ्यावर देवमाशाची हाडे किंवा ‘उलटी’ सापडली, तर आणता येईल का?

नाही. वर्तमानपत्रांत ‘व्हेल माशाची उलटी’ म्हणून कोटींच्या आकड्यांसह ज्याच्या बातम्या येतात, ते अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होते. राखाडी देवमाशाचा त्याच्याशी संबंध नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अंबरग्रीस बाळगणे आणि विकणे गुन्हा आहे. हाडांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानेही बंदी आहे. बेटांवरचे शिंपले, पिसे, दगड आणि निवडुंगाचे काटेसुद्धा उचलू नयेत. उलट दिशेनेही हाच नियम आहे: होडीत बसण्यापूर्वी बुटांचे तळ आणि पँटच्या घड्या झटकून बी-बियाणे काढावे लागते, कारण या बेटांवर जगात इतरत्र न आढळणाऱ्या जाती आहेत. आखातातल्या सांता कातालिना बेटावरचा रॅटलस्नेक, ज्याच्या शेपटीला खुळखुळाच नसतो, हा त्यांपैकी एक. तो दंशापूर्वी आवाज करून सावध करत नाही, त्यामुळे तेथे पायवाट सोडून जाऊ नये.